जमीन कुणाची आणि सही कुणाची?

आवणी उरकली, पण पायांच्या चिखल्या अजून बऱ्या झाल्या नसतील. तरी रेडिओजवळ बसलात, बरं वाटलं. ताई, काकी, मावशी, गटात नव्याने आलेल्या सुना, सगळ्यांना नमस्कार. हातातलं काम चालू ठेवा. तांदूळ निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल.

आज बोलायचं आहे खाणीबद्दल. पण सुरुवात घरातून करूया. आपापल्या घरात तांबं कुठे कुठे आहे, जरा आठवून बघा. देव्हाऱ्यातली पळी-पंचपात्री, पूजेचा कलश, आजेसासूच्या वेळचा हंडा, पडवीत पडलेला बंब. 'तांब्या' हे नावच मुळी तांब्यावरून पडलं, आता तो स्टीलचा झाला तरी. हे झालं डोळ्यांना दिसणारं तांबं. न दिसणारं याहून जास्त आहे. पंख्यात, मिक्सरमध्ये, विहिरीवरच्या मोटारीच्या वाइंडिंगमध्ये, भिंतीतून जाणाऱ्या वायरीत. शेतावरच्या पंपाची केबल चोर कशासाठी कापून नेतात? तांब्यासाठी. भंगारवालाही लोखंड आणि तांबं एकत्र तोलत नाही.

हे तांबं येतं कुठून? डोंबिवलीहून शीळफाटा धरून पुढे गेलं की तळोजा लागतं. तिथल्या एमआयडीसीत हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीचा तांब्याची जाड तार बनवण्याचा कारखाना १९८९ साली उभा राहिला. याच कंपनीची मोठी खाण आहे मलाजखंडला. आपल्या गोंदियाच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात. १९८२ पासून तिथे उघड्या खाणीतून तांब्याचा दगड निघत आला.

उघडी खाण म्हणजे काय? बोगदा खणून खाली उतरायचं नाही. वरचं जंगल काढायचं, माती काढायची, दगड सुरुंगाने फोडायचा आणि पायऱ्यापायऱ्यांनी खाली खाली जायचं. डोंगर होता तिथे वाडग्यासारखा खड्डा होतो. आता हिशोब बघा. अशा खाणीतल्या शंभर किलो दगडात तांबं निघतं अर्धा ते एक किलो. बाकीचा नव्व्याण्णव किलो चुरा, गाळ कुठे जातो? कुणाच्या तरी ओढ्याला, कुणाच्या तरी शेताच्या वरच्या अंगाला. आपल्या घरातल्या एका हंड्यामागे कुणाच्या तरी गावात गाळाचा ढीग पडलेला असतो.

तुम्ही म्हणाल, आपल्या ठाणे जिल्ह्यात तांब्याची खाण नाही, मग हे आम्हाला कशाला? खाण नाही हे खरं. पण दगडाच्या खाणी आहेत, खडी क्रशर आहेत, मुरुमासाठी फोडलेल्या टेकड्या आहेत. कल्याण-डोंबिवलीत उभ्या राहिलेल्या टॉवरची खडी, रस्त्याखालचा दगड, कुठून तरी आलाच ना? खाण छोटी असो की मोठी, तिथे तीन प्रश्न येतातच. जमीन कुणाची? सही कुणाची? आणि पाणी कोण भरणार? पहिल्या दोन प्रश्नांच्या कागदावर बहुतेक ठिकाणी पुरुषाचं नाव असतं. तिसऱ्या प्रश्नाला कागद नसतो, तिथे आपण असतो. आज मला सांगायचं आहे ते एवढंच.

आधी एक लांबची गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियाच्या वरच्या अंगाला समुद्रात पापुआ न्यू गिनी नावाचा देश आहे. त्यातलं एक बेट, बोगनव्हिल. डोंगर, दाट जंगल, आपल्यासारखाच भरपूर पाऊस. तिथल्या बहुतेक कुळांमध्ये एक रीत आहे. जमीन आईकडून लेकीकडे जाते. वंश आईच्या नावाने चालतो. आपल्याकडे लेकीला म्हणतात परक्याचं धन, तिथे लेक म्हणजे जमिनीची राखणदार.

या बेटावर पांगुना नावाच्या ठिकाणी तांबं सापडलं. तेव्हा तिथे ऑस्ट्रेलियाचं राज्य होतं. आज रिओ टिंटो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बड्या कंपनीच्या समूहाने तिथे खाण काढायचं ठरवलं. खाणीला बंदर हवं, बंदराला जमीन हवी. १९६९ साली रोरोवाना गावात मोजणीवाले आले आणि त्यांनी खुंट्या ठोकल्या. गावातल्या बाया पुढे झाल्या आणि त्यांनी खुंट्या उपटल्या. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर वापरला. त्या बायांच्या हातात काही नव्हतं. त्या फक्त आपल्या जमिनीवर उभ्या होत्या.

खाण झालीच. १९७२ साली माल निघू लागला. जगातल्या मोठ्या उघड्या खाणींमध्ये तिचं नाव होतं. खड्डा सुमारे दोन किलोमीटर रुंद. देशाच्या तिजोरीत मोठा पैसा यायला लागला. शाळा झाल्या, रस्ते झाले, नोकऱ्या आल्या, हेही खरं. पण सतरा वर्षांत शंभर कोटी टनांहून जास्त गाळ आणि चुरा नदीच्या खोऱ्यात गेला. मासे गेले, काठची शेतं बुडाली, लोकांना हलावं लागलं. मोबदला यायचा, पण तो गावातल्या यादीतल्या माणसांच्या नावाने. यादीत बहुतेक नावं पुरुषांची होती. रिवाजाने जमीन बाईची, आणि कंपनीच्या वहीत तिचं नाव नाही.

१९८७ साली नव्या पिढीने जमीनधारकांची नवी संघटना उभी केली. तिच्या अध्यक्षपदी एक बाई होती, पर्पेचुआ सेरेरो. चिटणीस फ्रान्सिस ओना. त्यांनी नुकसानीचा हिशोब मागितला. बोलणी फिसकटली. १९८८ च्या अखेरीला विजेचे मनोरे उडवले गेले आणि मे १९८९ मध्ये खाण बंद पडली. त्यापुढे जे झालं ते फार वाईट. लष्कर आलं, बेटाची नाकेबंदी झाली, औषधं मिळेनाशी झाली, बेटावरचे लोकही आपसात लढले. सुमारे दहा वर्षांच्या त्या लढाईत दहा ते वीस हजार माणसं गेली असा अंदाज सांगतात. छोट्याशा बेटावर.

मग ती लढाई थांबवायला कोण पुढे आलं? पुन्हा बायाच. चर्चमधली महिला मंडळं आणि छोटे छोटे महिला गट. त्यांनी मोर्चे काढले, जंगलात जाऊन हत्यार घेतलेल्या आपल्याच मुलांना घरी चला म्हणून सांगितलं. २००१ साली शांततेचा करार झाला. २०१९ साली बेटावर मतदान झालं, तेव्हा शंभरातल्या जवळपास अठ्ठ्याण्णव लोकांनी वेगळ्या देशाच्या बाजूने मत दिलं. खड्डा मात्र अजून तसाच आहे. कंपनीने २०१६ साली आपला हिस्सा सोडून दिला आणि ती बाजूला झाली. गावकऱ्यांनी पुन्हा तक्रार केली, तेव्हा तिने अभ्यासाचा खर्च उचलायचं मान्य केलं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्या अभ्यासाचा अहवाल आला. खाण बंद होऊन पस्तीस वर्षं झाली तरी ढासळणाऱ्या कडा, जुनी बांधकामं आणि गाळामुळे येणारा पूर यांपासून माणसांच्या जिवाला धोका आहे, असं त्यात आहे.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी भीती दाखवायला सांगितली नाही. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९६९ साली ज्या बाया खुंट्यांपाशी उभ्या राहिल्या, त्यांना त्याच वेळी कुणी विचारलं असतं, तुमचं म्हणणं काय आहे ते सांगा, आम्ही लिहून घेतो, तर पुढचं पुष्कळसं टळलं असतं असं मला वाटतं. सुरुवातीला न विचारल्याची किंमत शेवटी सगळ्यांनीच मोजली. कंपनीनेसुद्धा.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊया. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे डोंगर आहेत. माडिया गोंड लोकांचा मुलूख. तिथे ठाकुरदेवाचं ठाणं आहे, दर जानेवारीत यात्रा भरते. इंग्रजांविरुद्ध उठाव करून १८५८ साली फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाकेंची आठवणही लोक या डोंगराशी जोडतात. या डोंगरात तांबं नाही, उत्तम प्रतीचं लोखंड आहे. २००७ साली लॉईड्स मेटल्स कंपनीला सुमारे ३४८ हेक्टर जागेचा खाणपट्टा मिळाला. खाण उघडीच, डोंगराच्या माथ्यावरून खाली येणारी.

तिथलं भांडण सोपं नाही. एका बाजूला पोरांना काम हवं आहे. गडचिरोलीत फारसे कारखाने नाहीत, शेती एका पावसाची, त्यामुळे खाणीत आणि पोलाद कारखान्यात नोकरी लागलेल्या घराला खाण नको असं कसं म्हणवेल? दुसऱ्या बाजूला मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू यांवर जगणारी माणसं. जंगल हीच त्यांची बँक. त्यात बंदुकीचा धाक. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खाणीवरची सत्तरहून जास्त वाहनं जाळली. काम थांबलं, मग २०२१ पासून पुन्हा जोरात सुरू झालं. २०२३ साली वर्षाला एक कोटी टन माल काढण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षी मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत तोडगट्टा या छोट्या गावात आसपासच्या गावांचे लोक नव्या खाणींच्या विरोधात ठाण मांडून बसले होते. त्यात बायका होत्या, लेकुरवाळ्याही होत्या.

या सगळ्यात मला एक बाब फार महत्त्वाची वाटते, ती जनसुनावणीची. मोठ्या खाणीला पर्यावरणाची परवानगी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं, असा २००६ सालचा केंद्राचा नियम आहे. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यायची, तीस दिवस आधी सूचना द्यायची, अहवालाचा गोषवारा आपल्या भाषेत ठेवायचा, हे त्यात लिहिलेलं आहे. सुरजागडच्या वाढीव खोदाईची सुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ ला झाली. कुठे? गडचिरोली शहरात, खाणीपासून शंभर किलोमीटरहून जास्त लांब. आता विचार करा. मूल कडेवर असलेली बाई, दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडं खर्चून तिथे जाईल का? सुनावणी झाली, कागद पुरा झाला. पण जिच्या ओढ्याचं पाणी लाल होणार, तिचा आवाज त्या कागदात किती आला?

त्याच गडचिरोलीत दुसरंही उदाहरण आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. छोटं गाव, गोंड वस्तीचं. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांची संमती होईपर्यंत बोलत राहायचं अशी रीत आहे, आणि त्या बोलण्यात बाया असतात. कायदा आला तेव्हा त्यांची कागदपत्रं तयार होती. २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा-लेखाचं नाव आलं. हातात हक्काचा कागद असला की समोरचा माणूस बसून बोलतो.

आता आपल्या अंगणात येते. मुरबाडकडच्या एका गावात आमचा एक गट आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथलं काम अजून चालू आहे. गावाच्या वरच्या बाजूला दगडखाण आणि क्रशर. दुपारी सुरुंग उडाला की भांडी मांडणीवरून खाली. भिंतींना चिरा. वाळत घातलेल्या पापडांवर आणि सुकटीवर पांढरी धूळ. पेंढ्यावर धूळ बसली की गुरं तोंड लावत नाहीत. फेब्रुवारीतच विहीर तळाला जाते. डंपर शाळा सुटायच्या वेळेलाच धावतात.

गटाच्या बैठकीत विषय निघाला आणि भांडण झालं. कारण गटातल्या चार जणींच्या घरी खाणीचाच पैसा येतो. एकीचा नवरा डंपर चालवतो, एकीचा मुलगा क्रशरवर आहे. त्या म्हणाल्या, खाण बंद पडली तर गटाचा हप्ता कुठून भरू? बाकीच्या म्हणाल्या, आमची भातं धुळीने गेली तर आम्ही कुठून भरू? दोन्हीही खऱ्या. दोन बैठकांना दोघी आल्याच नाहीत, गट मोडतो की काय अशी वेळ आली.

मग त्यांच्यातल्याच एका वयस्कर मावशीने मार्ग काढला. त्या म्हणाल्या, बंद की चालू हे राहू द्या. आधी सगळ्यांना काय हवं ते काढा. मग यादी झाली. सुरुंगाची वेळ ठरलेली असावी आणि आधी भोंगा वाजावा. डंपरवर ताडपत्री असावी. शाळेच्या वेळेत डंपर थांबावेत. क्रशरवर पाणी मारावं. विहिरीचं नुकसान कोण भरणार ते ठरावं. या यादीवर डंपरवाल्याच्या बायकोचीही सही झाली. कारण तिचं मूलही त्याच रस्त्याने शाळेत जातं.

दुसरं काम त्यांनी केलं ते वहीचं. बचतीच्या वहीच्या मागच्या पानांवर रोज लिहायला सुरुवात केली. तारीख, सुरुंगाची वेळ, विहिरीत पाणी किती हात, खोकला कुणाला. नववी शिकलेल्या एका सुनेने दोन महिने नेमाने लिहिलं. आणि तिसरं, ग्रामपंचायतीच्या जुन्या ठरावाची नक्कल मागितली. त्यात खाणीला हरकत नाही, सर्वानुमते मंजूर, असं होतं. खालच्या सह्यांत बाईची सही शोधून सापडली नाही. सर्वानुमते म्हणजे कुणाच्या मते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

पुढच्या ग्रामसभेला त्या यादी आणि वही घेऊन गेल्या. भोंगा सुरू झाला. ताडपत्री आली, शाळेच्या वेळेत डंपर थांबायला लागले. भिंतींच्या चिरांचं अजून काही झालेलं नाही, विहिरीचा अर्ज तहसील कचेरीत पडून आहे. सगळं मिळालं असं मी म्हणणार नाही. पण गट मोडला नाही. आणि आता त्या गावात काही ठरायचं असलं की, बायांना विचारलं का, असं सरपंच स्वतः म्हणतात.

आता कामाचं बोलूया. १५ ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली आहे. तुमच्या गावात खाण असो, क्रशर असो, मुरुमाचा खड्डा असो की उद्या येणार अशी कुजबुज असो, काही गोष्टी आत्ताच करून ठेवा.

पहिलं, सातबारा बघा. त्यावर तुमचं नाव आहे का? २००५ च्या कायद्याने हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. वनहक्काचा पट्टा मिळाला असेल तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे असायला हवा, हे कायद्यातच आहे. नाव असेल तर नोटीस तुमच्या नावे येते. नाव नसेल तर व्यवहार झाल्यावर कळतं.

दुसरं, महिला सभा. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची आहे, असं आपल्या राज्याचा ग्रामपंचायत कायदा सांगतो. बऱ्याच गावांत ही सभा कागदावरच होते. यंदा खरी घ्यायला लावा. ग्रामसेवकांना आधी जाऊन सांगा, वेळ विचारा. सगळ्यांनी मिळून जा, म्हणजे एकटीला कुणी काही बोलणार नाही. आणि जे ठरेल ते लिहून, वाचून दाखवून, मग सही करा. कोऱ्या कागदावर किंवा नुसत्या हजेरीच्या पानावर सही करू नका. खाली उरलेल्या जागेत नंतर काय लिहिलं जाईल ते सांगता येत नाही.

तिसरं, पेसा. शहापूर तालुका आणि मुरबाड, भिवंडीतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे दगड, मुरूम, वाळू अशा गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागते. १९९६ च्या कायद्याने दिलेला हा अधिकार आहे. आपलं गाव त्यात येतं का, हे ग्रामपंचायतीत विचारा. काही ठिकाणी पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते.

चौथं, जनसुनावणी. लहान दगडखाणींना ती बहुतेक वेळा होत नाही, म्हणून तिथे ग्रामसभाच महत्त्वाची. मोठा प्रकल्प असेल तर सुनावणीला जा. तिथे अमुक इतकी माणसं हवीत अशी अट नसते, म्हणून तुम्ही नसलात तरी ती उरकते. बोलायला धीर होत नसेल तर लिहून द्या आणि पोच घ्या. दक्षिण गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सांगितलं की, सुनावणीत आलेल्या हरकतींचा विचार झाला पाहिजे आणि परवानगी देताना त्यावर कारणं द्यायला हवीत. म्हणजे तुमची ओळ कागदावर असेल तर तिला उत्तर द्यावं लागतं. नुसतं कुजबुजून ठेवलेल्या गोष्टीला कुणी उत्तर देत नाही.

पाचवं, माहितीचा अर्ज. खाणीला परवानगी किती वर्षांची, किती जागेची, कोणत्या अटींवर, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही. उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं. पट्ट्याचं काम जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे असतं. धूळ आणि आवाजाची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, त्यांची कार्यालयं ठाण्यालाही आहेत आणि कल्याणलाही. आणखी एक विचारा. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं. खाणवाल्यांकडून येणारा ठरावीक पैसा तिथे जमा होतो आणि खाणीची झळ बसलेल्या गावांत पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण यांवर तो खर्च करायचा असतो. आपल्या गावाचं नाव त्या यादीत आहे का, हे विचारायला लाजू नका.

आणि सहावं, आपसातलं. गटात दोन मतं असतील, असू द्या. खाणीवर पोट असलेल्या बाईला वैरीण समजू नका, आणि शेतावर पोट असलेल्या बाईला प्रगतीच्या आड येणारी म्हणू नका. खाणीवर डोक्यावरून दगड वाहणारी वडार बाई, बाहेरगावाहून आलेली मजूर बाई, तिची लेकरंही धुळीतच झोपतात. तिच्याशीही बोला. खाण चालू राहो की बंद होवो, तिला पाणी आणि तिच्या मुलाला शाळा लागतेच. बोगनव्हिलमध्ये माणसं आपसात लढली तेव्हा सगळ्यांत जास्त नुकसान झालं. आपण गटात एका सतरंजीवर बसतो, ती सतरंजी कुणी ओढून नेऊ नये.

कुणी म्हणेल, ताई, एवढ्या मोठ्या माणसांपुढे आपल्या वहीची काय किंमत? मी म्हणते, बँकेत आपल्याला पहिलं कर्ज कशावर मिळालं? दागिन्यांवर नाही, जमिनीवर नाही. बँकवाल्यांनी आपली वही तपासली. दर महिन्याची बचत, दर महिन्याची हजेरी, प्रत्येकीची सही बघितली, आणि मग पैसे दिले. त्याच वहीत मागच्या बाजूला पाण्याची, धुळीची, सुरुंगाची नोंद ठेवायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून येत्या बैठकीला एक काम करा. बचत जमा झाली की उठू नका. वहीचं मागचं पान उघडा आणि तीन ओळी लिहा. आपल्या गावात जमीन कुणाच्या नावावर आहे? गेल्या ग्रामसभेत सह्या कुणाच्या झाल्या? आणि विहिरीत आज पाणी किती हात आहे? ज्या गटांनी लिहिलं त्यांनी मला कळवा, पुढच्या भागात आपण त्यावर बोलू. तेव्हा सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे कोणती कागदपत्रं न्यायची, तेही सांगेन.

तोवर तब्येत सांभाळा, चिखल्यांना तेल-हळद लावा, आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की घरी न जाता ग्रामसभेला थांबा. नमस्कार.